पुशरॉड मोजून घ्या, फेसिंगचा आकडा बिलावर लिहा

महोदय,

स.न.वि.वि.

गाळप हंगाम तोंडावर आला की जिल्ह्यातल्या गॅरेजांत ट्रॅक्टरची रांग लागते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढायच्या आहेत, म्हणून आधी इंजिन खोलून घ्यायचं, हा इथला रिवाज. वर्तमानपत्रांच्या शेतीपानावर या दिवसांत देखभालीच्या सूचना येतात. ऑइल, फिल्टर, टायरची हवा, मागचे रिफ्लेक्टर. सूचना चांगल्याच आहेत. पण इंजिन बांधताना ज्या भागाकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही, त्या पुशरॉडबद्दलही, म्हणजे कॅमचा धक्का वर रॉकरला पोचवणाऱ्या सळईबद्दलही, थोडं छापून यावं म्हणून हे पत्र.

लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांची पाकिटं ग्राहक स्वतःसमोर उघडून घेतो. पुशरॉड मात्र डिझेलच्या ट्रेमध्ये धुतले जातात आणि जसेच्या तसे परत आत जातात. एखादा वाकलेला निघालाच, तर 'त्याच मॉडेलचा द्या' म्हणून दुकानातून आणायचा. वास्तविक पुशरॉडची लांबी त्या इंजिनाच्या आजच्या मापावर ठरते, आणि एकदा फेसिंग (हेड-ब्लॉकची फेस मशीनवर घासणं), सीट कटिंग (व्हॉल्व्ह टेकतो ती सीट कापणं) झालं की ते माप कंपनीतून निघालं तेव्हाचं राहत नाही. कॅमशाफ्ट परदेशात पाठवणारी प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी १९९२ सालापासून आपल्याच सोलापुरातली. कॅमच्या लोबचं, म्हणजे उंचवट्याचं, माप मायक्रॉनमध्ये तपासणाऱ्या गावात त्याच लोबवर नाचणारा पुशरॉड टेपने मोजावा, हे काही शोभत नाही.

कॅमशाफ्ट खाली ब्लॉकमध्ये, व्हॉल्व्ह वर हेडमध्ये. मधलं अंतर कॅमवर टेकणारा टॅपेट, त्यावर उभा पुशरॉड आणि व्हॉल्व्ह दाबणारा रॉकर मिळून भरतात. हेड घासलं की रॉकर शाफ्ट तेवढाच कॅमच्या जवळ येतो, म्हणजे जुना पुशरॉड तेवढाच लांब पडतो. ब्लॉकची फेस घासली तरी तेच. गॅस्केट आधीपेक्षा जाड बसलं तर उलट, पुशरॉड आखूड पडतो. सीट कापल्याने व्हॉल्व्ह हेडमध्ये आत गेला की त्याचं वरचं टोक वर येतं, रॉकरची पुशरॉडकडची बाजू खाली दबते आणि पुशरॉड पुन्हा लांब ठरतो. पण इथे व्हॉल्व्ह जितका बसला त्याला रॉकरच्या रेशोने, म्हणजे व्हॉल्व्हकडची बाजू पुशरॉडकडच्या बाजूच्या किती पट लांब आहे त्या आकड्याने, भागायचं. नवी सीट बसवून व्हॉल्व्ह बाहेर आला, व्हॉल्व्हचं टोक ग्राइंड केलं, टॅपेटचा तळ झिजला किंवा कॅम रीग्राइंड करून त्याचा मूळ गोल (लोब सोडून उरलेला गोल भाग) लहान झाला, तर पुशरॉड आखूड.

आकड्यांत पाहू. समजा हेड ०.३० मि.मी. घासलं, ब्लॉक ०.१५, नवं गॅस्केट दाबल्यानंतर जुन्यापेक्षा ०.१० जाड, व्हॉल्व्ह ०.३० आत बसले, आणि रॉकरचा रेशो १.५. मग ०.३० अधिक ०.१५ वजा ०.१० अधिक ०.२०, म्हणजे पुशरॉड ०.५५ मि.मी. लांब. याच इंजिनाचा कॅम रीग्राइंड होऊन त्याच्या मूळ गोलाची त्रिज्या ०.४० ने कमी झाली असेल, तर फरक उरतो फक्त ०.१५. दोन सारख्या ट्रॅक्टरांत एकाला जुना पुशरॉड जवळपास जसाच्या तसा जमतो आणि दुसऱ्याला जमत नाही, त्याचं कारण हे आहे.

आता ०.५५ ने आभाळ कोसळतं का? साध्या टॅपेटच्या ट्रॅक्टरात नाही. रॉकरला ॲडजस्टिंग स्क्रू असतो, त्याचा अर्धा-पाऊण फेर मागे घेतला की रॉकर आणि व्हॉल्व्हमधली गॅप बसते. म्हणून दर इंजिनाला नवे पुशरॉड पाहिजेत असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका. घोळ होतो तो दुकानातून भलत्याच एचपीच्या मॉडेलचा पुशरॉड येतो तेव्हा. दिसायला सारखा, जाडी सारखी, लांबीत दोन-तीन मि.मी.चा फरक. मग स्क्रू एकतर पूर्ण वर जाऊन रॉकरला टेकतो आणि गॅप येत नाही, नाहीतर इतका खाली येतो की चेकनटला आटे उरत नाहीत आणि त्याच्या गोळीचा गळाच बाहेर दिसतो. काही इंजिनांत स्क्रूच्या अंगावर खाच आणि आडवं भोक असतं. रॉकरमधलं तेल त्यातून पुशरॉडच्या वाटीत उतरतं. स्क्रू जागेवरून फार सरकला की खाच आणि भोक एकमेकांसमोर येत नाहीत, वाटी कोरडी चालते आणि थोड्याच दिवसांत स्क्रूची गोळी चपटी होते. गॅप पुन्हा-पुन्हा वाढते, मिस्त्री पुन्हा-पुन्हा टॅपेट सेट करतो आणि दोष व्हॉल्व्हवर जातो.

सगळ्यात वाईट जुगाड म्हणजे लांब पडलेल्या पुशरॉडचं टोक ग्राइंडरवर घासणं. टोकाची गोळी वरवर कडक केलेली असते, कडक थर पातळ असतो. ग्राइंडरला लावलं, निळा रंग चढला, की कडकपणा गेला. असा पुशरॉड टॅपेटच्या वाटीत स्वतः झिजतो, वाटीलाही झिजवतो आणि तो सगळा कीस सम्पमध्ये, म्हणजे खालच्या तेलाच्या टाकीत, तिथून ऑइल पंपात. गोळी कडक आहे की नाही हे पाहायला बारीक दातांची नवी कानस पुरे. कडक गोळीवर कानस घसरते, मऊ गोळीवर धरते आणि ओरखडा उठतो. लेथवर साध्या लोखंडाच्या गोळीचा पुशरॉड बनवून मिळतो तो ही परीक्षा पास होत नाही. रस्त्यात अडकल्यावर घरापर्यंत यायला ठीक, हंगाम काढायला नाही.

मोजायचं कसं, हे नीट सांगणं गरजेचं आहे, कारण चुका इथेच होतात. दीडशे मि.मी.चा व्हर्नियर प्रत्येकाकडे असतो. ट्रॅक्टरचा पुशरॉड त्यात मावत नाही, मग टेप बाहेर निघते. तीनशेचा व्हर्नियर घ्यावा. पुशरॉडच्या एका टोकाला गोळी, दुसऱ्या टोकाला वाटी. वाटीच्या कडेपासून घेतलेली लांबी फसवी असते, कारण निरनिराळ्या कंपन्यांच्या वाटीची कड कमी-जास्त उंच असते आणि काम वाटीच्या तळाचं असतं. वाटीच्या तळाला टेकेल अशी बेअरिंगची एक गोळी आत ठेवायची, गोळीसकट मोजायचं आणि गोळीचा व्यास वजा करायचा. हीच खरी लांबी. जुना आणि नवा दोन्ही पुशरॉड याच गोळीने मोजावेत.

पाहिजे ती लांबी काढायला बाहेरच्या देशांत कमी-जास्त होणारा चेकिंग पुशरॉड विकत मिळतो. इथे तो बनवून घेता येतो. भंगारातला सरळ पुशरॉड मधोमध कापायचा, दोन्ही तुकड्यांत एम-५ चे आटे पाडायचे, मध्ये स्टड आणि दोन चेकनट. टर्नरचं तासाभराचंही काम नाही. हेड नव्या गॅस्केटसकट पूर्ण टॉर्कला आवळल्यावरच मोजायला घ्यावं. न दाबलेल्या गॅस्केटवर घेतलेलं माप खोटं येतं. ज्या सिलिंडरचं मोजायचं तो कॉम्प्रेशनच्या टीडीसीला, म्हणजे पिस्टन सगळ्यात वर असतो तिथे, आणायचा. चार सिलिंडर आणि १-३-४-२ फायरिंग असेल, तर चौथ्याचे दोन्ही व्हॉल्व्ह अधांतरी असताना, म्हणजे एक मिटतोय आणि एक उघडू लागलाय अशा क्षणी, पहिल्याचं माप घ्यायचं. रॉकरचा स्क्रू त्याच्या मधल्या जागेवर ठेवायचा, चेकिंग पुशरॉड लांबवत न्यायचा आणि फिलर गेजने कंपनीची गॅप आली की नट आवळून बाहेर काढून मोजायचा. इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्हींचं, आणि शक्य तर सगळ्या सिलिंडरचं. या रॉडवर इंजिन मात्र फिरवायचं नाही, स्प्रिंगचा भार त्याला झेपणार नाही.

इथे इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ पाहणाऱ्या तरुण मिस्त्रींसाठी एक सावधगिरी. त्या व्हिडिओंत व्हॉल्व्हच्या टोकाला मार्करने रंग देतात, इंजिन फिरवतात, रॉकरची घासलेली पट्टी टोकाच्या मध्यावर यावी म्हणून पुशरॉड लांब-आखूड करतात. ते शेवरलेटसारख्या इंजिनांचं झालं, जिथे प्रत्येक रॉकर स्वतंत्र स्टडवर बसतो आणि पुशरॉडच्या लांबीप्रमाणे रॉकरच वर-खाली सरकतो. आपल्या ट्रॅक्टरांत आणि डिझेल इंजिनांत सहसा रॉकर एका शाफ्टवर पक्के असतात. शाफ्ट जागचा हलत नाही, त्यामुळे पुशरॉड बदलून व्हॉल्व्हच्या टोकावरची पट्टी तसूभरही सरकणार नाही. पट्टी कडेला जात असेल तर व्हॉल्व्ह फार आत बसला आहे किंवा रॉकरचा पॅड खाल्ला गेला आहे. त्यावर उपाय सीट बदलण्याचा किंवा कंपनीने सांगितलं असेल तर शाफ्टच्या पेडेस्टलखाली शिम देण्याचा. पुशरॉडला बोल लावू नये.

लांबी जमली की सरळपणा. जाड काचेवर किंवा सर्फेस प्लेटवर पुशरॉड लोळवायचा आणि खालून उजेड पाहायचा. दोन व्ही-ब्लॉकवर ठेवून मध्याला डायल गेज लावलं तर उत्तमच. वाकाची मर्यादा मॅन्युअलमध्ये दिलेली असते. कुबोटाच्या डिझेलला ती ०.२५ मि.मी. आहे, काही कंपन्या याहून पुष्कळ कडक आहेत. वाकलेला पुशरॉड ऐरणीवर ठोकून सरळ करू नये. एकदा वाकलेली जागा कमजोर राहते आणि पुढच्या वेळी तिथेच वाकते. शिवाय वाकलेल्या रॉडची टोकं वाटीत तिरपी बसतात.

एक्झॉस्टचे पुशरॉड जास्त वाकतात, याचं कारण हिशेबाने कळतं. व्हॉल्व्ह पूर्ण उघडल्यावर स्प्रिंगचा जोर ६० किलो धरला, तर १.५ रेशोने पुशरॉडवर ९० किलो येतात. इनलेटचं एवढ्यावर भागतं. एक्झॉस्ट मात्र सिलिंडरमध्ये दाब असतानाच उघडायचा असतो. ३५ मि.मी.च्या व्हॉल्व्हवर दर चौरस सें.मी.ला ४ किलोचा दाब धरला तरी उघडायच्या क्षणी ३८ किलो आणखी, पुशरॉडवर जवळपास ५८, आणि हे मिटलेल्या स्प्रिंगच्या भारावर. ट्रॉली भरलेली आणि ॲक्सिलरेटर दाबलेला असताना हा दाब वाढतो. म्हणून नव्या सेटमध्ये थोडे कमी-जास्त रॉड असतील तर त्यातले सरस एक्झॉस्टला द्यावेत, मात्र दोन्हींची लांबी कंपनीने सारखी दिली असेल तरच.

जाडीचा हिशेबही साधा आहे. दाबाखाली वाकण्याला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. भरीव रॉड ८ ऐवजी ९ मि.मी.चा घेतला तर तो सुमारे ६० टक्के जास्त ताठ होतो. पोकळ नळीतही बाहेरचा व्यास वाढवणं हे आतली भिंत जाड करण्यापेक्षा जास्त कामाला येतं. पण जाड रॉड हेडच्या भोकाला घासतो का ते इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवून पाहिल्याशिवाय कव्हर लावू नये. घासला तर अंगावर चकचकीत रेघ उमटते. आणि मूळ पुशरॉड पोकळ असून त्यातून रॉकरला तेल जात असेल, तर भरीव रॉड कितीही मजबूत असला तरी तिथे चालत नाही. रॉकर कोरडा पडतो आणि शाफ्टला चिकटतो. पोकळ रॉड बसवण्याआधी त्यात रॉकेल सोडून हवा मारावी. जुन्या तेलाचा गाळ आत धरलेला असतो, तो नुसत्या धुण्याने निघत नाही.

धातू बदलतानाही गॅप बदलते. २५० मि.मी.चा पुशरॉड ७० अंशांनी तापला तर अल्युमिनियमचा सुमारे ०.४० मि.मी. वाढतो, पोलादाचा ०.२१. फरक ०.१९, म्हणजे कितीतरी इंजिनांच्या टॅपेट गॅपच्या निम्मा किंवा त्याहून जास्त. जुन्या कास्ट आयर्न बुलेटचे पुशरॉड अल्युमिनियमचे, टोकं पोलादाची, आणि सेटिंग खालच्या टोकाला. इंजिन थंड असताना पुशरॉड दोन बोटांनी मोकळा फिरला पाहिजे, पण वर-खाली हलता कामा नये. तिथे मजबूत म्हणून पोलादी रॉड घातला की गरम झाल्यावर टकटक सुरू. बुलेटच्याच नंतरच्या यूसीई इंजिनात हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने गॅप आपोआप भरणारे, टॅपेट आहेत, सेटिंगचा स्क्रूच नाही, आणि तिथे अर्धा मि.मी. फार मोठा आहे. अशा टॅपेटचा आतला दट्ट्या साधारण ०.५ ते १.५ मि.मी. दाबलेला राहावा लागतो. पुशरॉड आखूड पडला तर तो आवाज करतो, लांब पडला तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, कॉम्प्रेशन जातं आणि एक्झॉस्ट जळतो. २०२० साली मिटिओरपासून आणि २०२३ पासून बुलेटलाही जे नवं ३५० इंजिन आलं, त्यात कॅम हेडमध्येच आहे, त्याला पुशरॉड मागू नये. दुकानदार वेळ घालवत नाही, पण गिऱ्हाईक उन्हात फिरत राहतं.

बसवतानाची गफलत वेगळी. गोळी टॅपेटच्या वाटीत न जाता कडेवर टेकून राहते, वरून रॉकर शाफ्ट आवळला जातो, आणि पहिल्याच सेल्फला रॉड वाकतो. रॉड सोडल्यावर हलकेच वर ओढून पाहावा. वाटीत बसलेला असेल तर तेलामुळे थोडा धरल्यासारखा लागतो. सगळे स्क्रू आधी मागे घेऊन शाफ्टचे बोल्ट मधून कडेकडे, थोडे-थोडे आवळावेत. काढतानाही सरळ उपसू नये, थोडं पिळून टॅपेट सोडवावा, नाहीतर काही इंजिनांत टॅपेट सोबत येतो आणि सम्पमध्ये पडतो. काढलेले पुशरॉड पुठ्ठ्याला भोकं पाडून नंबरवार लावून ठेवावेत. ज्या वाटीत जो झिजलाय तो तिथेच जावा.

इंजिन सुरू झाल्यावर कव्हर उघडं ठेवून स्लोला एक मिनिट पुशरॉडकडे बघावं. बहुतेक साध्या टॅपेटच्या इंजिनांत ते हळूहळू स्वतःभोवती फिरतात, कारण टॅपेट फिरतो. एखादा जागच्या जागी नुसता वर-खाली होत असेल, तर त्याच्या खालचा टॅपेट किंवा लोब खाल्ला गेला आहे. तिथे नवा पुशरॉड घालणं म्हणजे पैसे पाण्यात.

आणि वाकलेला रॉड बदलण्याआधी तो वाकला का, हे शोधावं. व्हॉल्व्हचे नवे गाइड रीमर न मारता बसवले की तापल्यावर व्हॉल्व्ह अडकतो. टायमिंग गिअरचा एक दात चुकला की व्हॉल्व्ह पिस्टनला लागतो. आणि भरलेल्या ट्रॉल्यांनिशी खालच्या गिअरमध्ये उतार उतरताना चाकंच इंजिनाला ढकलतात. तिथे गव्हर्नर डिझेल तोडू शकतो, वेग रोखू शकत नाही. इंजिन मर्यादेबाहेर फिरतं, स्प्रिंग व्हॉल्व्हला वेळेत परत आणू शकत नाही आणि पुशरॉड वाकतो. रॉड बदलून तोच ड्रायव्हर त्याच उतारावर गेला तर पुन्हा तेच. डिझेलचं हेड मॅन्युअलपेक्षा जास्त घासलं तरी व्हॉल्व्ह-पिस्टनमधलं अंतर कमी होतं, नोझलही खाली येतं. ते पुशरॉडने भरून निघत नाही.

फेसिंग आणि कॅम ग्राइंडिंग करून देणाऱ्या सोलापूरच्या वर्कशॉपना म्हणूनच एक मागणी आहे. बिलावर आज 'हेड फेसिंग, ब्लॉक फेसिंग' एवढंच लिहिलेलं असतं. त्यापुढे चार आकडे लिहावेत: हेड किती घासलं, ब्लॉक किती, व्हॉल्व्ह हेडच्या पातळीपासून किती आत आहेत, आणि कॅमच्या मूळ गोलाचा व्यास ग्राइंडिंगआधी किती होता व आता किती आहे. हे आकडे मशीनवर काम करणाऱ्याला माहीत असतात, कागदावर येत नाहीत. स्पेअरपार्टच्या दुकानदारांनीही पुशरॉडच्या पाकिटावर मॉडेलच्या शेजारी लांबी आणि व्यास पेनाने टाकावा. एकदा व्हर्नियर लावला की वर्षभराचं काम झालं. ट्रॅक्टरमालकांनी हे बिल आरसी बुकासोबत ठेवावं. पुढच्या वेळी इंजिन खोलेल तेव्हा मिस्त्री दुसरा असला तरी त्याला आधी किती घासलंय ते कळेल, आणि हेडमध्ये अजून घासायला जागा आहे की नाही तेही.

आपला,
इंजिनकाम करणारा एक वाचक,
सोलापूर